जुना ब्राऊन की नवा ब्राऊन? फाउंटन पेनच्या शाया नीट कशा कंपेअर करायच्या

ब्राऊन शाईचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, जुन्या ब्राऊनमध्ये जी खोली होती ती आजच्यात नाही. असेलही. पण ज्या बाटलीवरून हे बोललं जातं ती साठ-सत्तर वर्षं कुठल्यातरी कपाटात पडून असते, तिच्यातलं थोडं पाणी उडालेलं असतं, रंगातला एखादा घटक उजेडाने कमजोर झालेला असतो आणि वर ती शाई भरलेली असते भरपूर ओलं लिहिणाऱ्या जुन्या पेनमध्ये, तर शेजारी आजची शाई कमी शाई सोडणाऱ्या बारीक निबमध्ये (निब म्हणजे पेनचं लिहिणारं टोक). मग जो फरक दिसतो त्यातला शाईचा किती, उडालेल्या पाण्याचा किती आणि निबचा किती? माझं मत आधीच सांगतो, ज्याला आपण व्हिंटेज कॅरॅक्टर म्हणतो त्यातला बराच भाग म्हणजे नुसती घट्ट झालेली शाई असते. सगळा नाही, पण बराच. तो बाजूला काढता आला की मग खरा फरक काय उरतो ते बघायला मजा येते, आणि ते कसं करायचं तेच पुढे लिहिलंय.

ब्राऊनच एवढा नाटकी का?

निळी शाई पातळ केली तर फिकट निळी होते. ब्राऊनचं तसं नाही. मुळात ब्राऊन म्हणजे गडद केलेला नारिंगी, आजूबाजूला पांढरा उजळ कागद असतो म्हणून डोळ्याला तो तपकिरी वाटतो. त्यामुळे तीच शाई जाड थरात तपकिरी, पातळ थरात नारिंगी किंवा पिवळट किंवा अगदी गुलाबीसर दिसू शकते. म्हणजे शाई किती घट्ट आहे आणि निब किती शाई सोडतोय यावर फक्त गडदपणा नाही, रंगच बदलतो.

दुसरी गोष्ट, बहुतेक ब्राऊन शाया एका डायच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या एकाच रंगाच्या, नसतात. पिवळा किंवा नारिंगी, थोडा लाल आणि वर दाबायला निळा किंवा काळा असं मिश्रण असतं. हे सगळे डाय एकाच वेगाने फिके पडत नाहीत, म्हणून जुन्या बाटलीतला ब्राऊन अनेकदा एका बाजूला झुकलेला असतो, कधी लालसर तर कधी हिरवट. आणि मिश्रण असल्यामुळेच दोन ब्राऊन दिवसाच्या उजेडात सारखे आणि पिवळ्या दिव्याखाली एकदम वेगळे दिसू शकतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कुठली जोडी घ्यायची

कुठलीही जुनी आणि कुठलीही नवी शाई शेजारी ठेवून काही कळत नाही. एकाच कंपनीची जुनी-नवी जोडी मिळाली तर सगळ्यात उत्तम. शेफरची स्क्रिप १९२२ पासूनची, जुन्या स्क्रिप ब्राऊनच्या बाटल्या अजून फिरत असतात आणि त्यापुढे स्लोव्हेनियात बनलेली अलीकडची स्क्रिप ब्राऊन ठेवता येते. पेलिकन ४००१ ब्रिलियंट ब्राऊन तर आजही बनते, त्यामुळे जुनी पश्चिम जर्मनीवाली बाटली मिळाली की जोडी तयार. वॉटरमनचा हवाना ब्राऊन पुढे अ‍ॅब्सोल्यूट ब्राऊन या नावाने आला, नुसतं नाव बदललं की शाईपण बदलली यावर लोक हिरिरीने भांडतात, तेव्हा ही जोडी तपासायला तर मस्तच. पार्करच्या क्विंकमध्ये, जी १९३१ मध्ये आली, जुन्या काळी ब्राऊन होता, पण आज त्याला सरळ वारस नाही म्हणून तिथे दुसऱ्या कंपनीची जवळची शाई शोधावी लागते.

ती शोधायला अलीकडच्या ब्राऊनचा ढोबळ नकाशा डोक्यात असलेला बरा. लालसर बाजूला वॉटरमन अ‍ॅब्सोल्यूट ब्राऊन आणि पायलट इरोशिझुकूची त्सुकुशी. नारिंगी-गंजाच्या बाजूला डायमिन एन्शंट कॉपर, जिचा रंग लोकांना वेड लावतो आणि निबवर थर जमवण्यासाठीही ती तेवढीच प्रसिद्ध आहे. माँब्लाँ टॉफी ब्राऊन, जी २०१० मध्ये आली, उबदार आणि मधली. पेलिकन एडेलश्टाइनची स्मोकी क्वार्ट्झ, २०१७ ची इंक ऑफ द इयर, साधी सरळ ब्राऊन आणि शेडिंग, म्हणजे एकाच अक्षरात दिसणाऱ्या गडद-फिक्या छटा, छान. एर्बांची ली द ते पिवळट-हिरवट बाजूची. गडद हव्या असतील तर इरोशिझुकूची यामा-गुरी किंवा सेलरची दो-यो, जी बारीक निबमध्ये जवळजवळ काळी वाटते. करड्या बाजूला रोहरर अँड क्लिंगनरची सेपिया.

एक मात्र पाळा, डाय असलेल्या शाईची तुलना डायच्याच शाईशी करा. प्लॅटिनमच्या क्लासिक सिरीजमधली सेपिया ब्लॅक ही आयर्न गॉल, म्हणजे लोहक्षार आणि टॅनिनपासून बनलेली, आहे, सेलर स्टोरियाची लायन किंवा डी अट्रामेंटिसची डॉक्युमेंट ब्राऊन पिग्मेंटच्या, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांच्या, आहेत, त्या कागदावर वेगळ्याच पद्धतीने बसतात आणि त्यांना जुन्या साध्या डायच्या ब्राऊनपुढे उभं केलं तर तुलना शाईप्रकाराची होते, काळाची नाही. आणि हो, जुन्या पत्रांमधली तपकिरी अक्षरं बघून जुना ब्राऊन असा होता असं समजू नका. आयर्न गॉल शाई लिहिल्यावर काळी किंवा निळी-काळी होते आणि वय झालं की तपकिरी पडते, त्यामुळे लिहिणाऱ्याने ब्राऊन शाई वापरलीच नव्हती अशी शक्यता जास्त. वरून कागदही पिवळा झालेला असतो.

बाटली खरंच किती जुनी आहे

विकणारा सांगतो त्यावर जाऊ नका, बाटली आणि खोका स्वतः बोलतात. पत्त्यात अमेरिकेचा झिप कोड असेल तर बाटली १९६३ नंतरची, कारण झिप कोड त्याच वर्षी आले. बारकोड असेल तर १९७४ च्या आधीची असूच शकत नाही. वेस्ट जर्मनी छापलेलं असेल तर ती १९४९ ते १९९० मधली. स्क्रिपच्या लेबलवर आरसी-३५ लिहिलेलं दिसलं तर पन्नाशीच्या दशकाच्या मध्याकडची किंवा त्यानंतरची, ते एक अल्ट्राव्हायोलेट उजेडात दिसणारं अ‍ॅडिटिव्ह होतं, त्यामुळे यूव्ही टॉर्च असेल तर वाळलेल्या स्वॉचवर (कागदावर ओढलेल्या शाईच्या नमुन्यावर) मारून बघता येतं, तेवढीच गंमत.

खोका शिल्लक असेल तर तो फक्त शोभेचा नाही. खोक्यात बंद राहिलेली बाटली म्हणजे उजेड कमी लागलेली बाटली, आणि तुलनेसाठी अशीच हवी. खिडकीत वर्षानुवर्षं ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतल्या शाईवरून काहीही निष्कर्ष काढायचा नाही, ती वापरायला चालेल पण पुरावा म्हणून नाही चालणार. खोक्यावर छापलेला रंगही शाईचा नमुना समजू नका, छपाईची शाई वेगळी आणि तीही फिकी पडते.

उघडण्याआधी

बाटली हलवू नका. आहे तशी ठेवून खालून आणि बाजूने टॉर्च मारा. तळाला गाळ आहे का, कडेला धागे किंवा पडद्यासारखं काही तरंगतंय का ते बघा. मग अगदी हळू तिरकी करा, बारीक गाळ धुळीसारखा हलतो, बुरशी किंवा शेवाळी थर एकत्र गोळा होऊन सरकतो. बुरशी दिसली तर विषय संपला, ती शाई गाळून, उकळून किंवा काही मिसळून वाचवायच्या भानगडीत पडू नका. क्रोमॅटोग्राफीसाठी (शाईतले रंग सुटे करून बघणं, ते पुढे येतंय) एखादा थेंब वापरलात तर ठीक, पण पेनमध्ये नाही. कारण ती एकदा फीडमध्ये, म्हणजे निबखालच्या शाई पुरवणाऱ्या भागात, गेली की पुढच्या प्रत्येक बाटलीत जाते.

शेफरच्या जुन्या बाटल्यांना तोंडाशी आत एक छोटी वाटी असते, बाटली तिरकी केली की ती भरते आणि निब तिथेच बुडवायचा. फार हुशार डिझाइन, पण झाकणाजवळ असल्यामुळे वाळलेली शाई आणि बुरशी दोन्ही आधी तिथेच सापडतात, तेव्हा ती वाटी आधी बघा आणि मगच बाटली तिरकी करा.

झाकण अडकलेलं असणारच. जोर लावू नका, जुनी प्लास्टिकची आणि बेकलाइटची झाकणं तडकतात आणि पत्र्याची वाकतात. बाटली सरळ धरून फक्त झाकणाची कड कोमट पाण्याच्या कपड्याने गुंडाळून ठेवा, दहा मिनिटं जाऊ द्या, मग रबरी ग्लोव्हने पकडून फिरवा. नाही उघडलं तर परत तेच. उघडल्यावर कडेला जमलेले शाईचे खडे ओल्या टिश्यूने बाहेरच्या बाजूला पुसून घ्या, ते आत पडले तर शाई आणखी घट्ट होईल आणि मग पुढचं सगळं गणितच बिघडेल.

वास येईल. जुन्या शायांमध्ये फिनॉल असायचं, बुरशी लागू नये म्हणून, त्यामुळे औषधी, जंतुनाशकासारखा वास नॉर्मल आहे आणि खरं तर चांगलं लक्षण आहे. कुबट, सडका किंवा आंबलेला वास म्हणजे खराब. मात्र नाक बाटलीत खुपसून हुंगू नका, फिनॉल ही हुंगायची वस्तू नाही, हाताने वारा घालून दुरून कळतं तेवढं पुरे, आणि ग्लोव्हज घाला.

पीएच, म्हणजे शाई आम्लधर्मी आहे की अल्कलाइन, बघायचा असेल तर पीएचची पट्टी शाईत बुडवू नका, रंगच चढतो आणि काही वाचता येत नाही. पट्टीच्या टोकाला एक छोटा थेंब ठेवा, ओल वर चढताना रंगाच्या पुढे एक फिकी कड धावते, तिथला रंग वाचायचा. अंदाज येतो फक्त, पण तेवढाही कामाचा आहे. कारण जुन्या सगळ्याच शाया गरीब स्वभावाच्या होत्या असं नाही, पार्करची १९४७ ची सुपरक्रोम ही जबरदस्त अल्कलाइन होती आणि पेनच्या आतल्या भागांची वाट लावण्यासाठी ओळखली जाते. जुनी शाई जुन्या पेनला सुरक्षित हा समज तिथेच संपतो.

उडालेलं पाणी: सगळ्यात महत्त्वाची पायरी

ही पायरी लोक सोडतात आणि मग रंगावर निबंध लिहितात. न उघडलेल्या बाटलीतूनही झाकणाच्या फटीतून पाणी उडत राहतं, डाय मात्र आतच राहतो. बाटली सीलबंद होती आणि पातळी खांद्याच्या खाली आलेली असेल तर ती शाई मुळात होती त्यापेक्षा घट्ट आहे हे नक्की. अर्धी वापरलेली बाटली असेल तर पातळीवरून काहीच कळत नाही.

मग करायचं काय, तर बाटलीत पाणी ओतायचं नाही. मूळ शाईला हात लावायचा नाही. सुईशिवायच्या १ मिलीच्या सिरिंज आणि छोट्या झाकणाच्या बाटल्या घ्या आणि डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही, त्यातले क्षार आणि क्लोरीन नकोत. जुनी शाई आणि पाणी यांची एक मालिका बनवा: एक आहे तशी, दुसरी चार भाग शाई एक भाग पाणी, तिसरी दोनास एक, चौथी निम्मी-निम्मी. प्रत्येक शाईला वेगळी सिरिंज, धुऊन परत वापरली तरी आत एखादा थेंब राहतोच. नव्या शाईचीही अशीच मालिका बनवा, हे बऱ्याच जणांना फालतू वाटतं पण इथेच खरी गंमत आहे.

आता दोन्ही मालिका एकाच कागदावर, गडदपासून फिक्याकडे, वरखाली स्वॉच करा आणि पूर्ण वाळू द्या. मग बघायचं असं. जुन्या शाईचा एखादा पातळ केलेला टप्पा नव्या शाईच्या मूळ रंगाशी जुळतो का? आणि जुळला तर त्याच्या पुढचे फिके टप्पेही नव्याच्या फिक्या टप्प्यांशी जुळत जातात का? दोन्हीची उत्तरं हो असतील तर जुन्याची खोली म्हणजे फक्त कमी पाणी, तुम्हाला तोच रंग हवा असेल तर नव्या शाईची छोटी बाटली झाकण उघडं ठेवून धुळीपासून जपत थोडी घट्ट होऊ द्या, काम झालं. गडद टप्पे जुळले पण फिक्या टप्प्यात एक पिवळ्याकडे आणि दुसरा गुलाबीकडे पळाला, तर डायच वेगळे आहेत, आणि मग पुढे जाण्यात अर्थ आहे.

माझ्या अनुभवात फिके टप्पेच खरं बोलतात. गडद ब्राऊन सगळे एकमेकांचे भाऊ दिसतात.

कागद आणि उजेड

एकच कागद वापरून निकाल लावू नका, पण दहाही नकोत. तीन पुरे: एक कोटिंगवाला गुळगुळीत, म्हणजे रोडिया ८० जीएसएम वगैरे, एक तोमोए रिव्हर ५२ जीएसएमसारखा पातळ जिथे शाई वर बसते आणि शेडिंग, शीन (जाड थरावर दिसणारी वेगळ्या रंगाची चमक) सगळं दिसतं, आणि एक साधा कॉपियर पेपर. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण शाई त्याच्यात मुरते आणि फेदरिंग (अक्षराच्या कडेला शाई पसरणं), ब्लीड-थ्रू (शाई मागच्या बाजूला उतरणं) तिथेच उघडं पडतं. तीनही कागद शक्यतो पांढरे. क्रीम कागदावर ब्राऊन सुंदर दिसतो हे खरं आहे, पण तुलना करताना क्रीम कागद सगळ्यांनाच उबदार करतो आणि फरक गिळून टाकतो.

उजेड दिवसाचा, पण थेट ऊन नाही, खिडकीपासून जरा आत. मग तेच स्वॉच रात्री घरातल्या दिव्याखाली परत बघा. दिवसा जुळलेले दोन ब्राऊन रात्री वेगळे दिसले तर मिश्रण वेगळं आहे असं समजायला हरकत नाही, हा फुकटातला टेस्ट आहे. फोटो काढणार असाल तर दोन्ही स्वॉच एकाच फ्रेममध्ये हवेत, वेगवेगळे फोटो काढून शेजारी लावले तर मोबाइल प्रत्येक फोटोला स्वतःच्या मनाने रंग लावतो. फ्रेममध्ये एक ग्रे कार्ड किंवा निदान कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा म्हणजे नंतर व्हाइट बॅलन्स करता येतो.

स्वॉच काढायची पद्धत

कापसाच्या काडीने ओढलेला स्वॉच दिसायला भारी असतो पण लिहिल्यावर शाई तशी दिसत नाही, काडी खूप शाई सोडते. तरी काढा, कारण जाड थरातला रंग आणि शीन कळतो. त्याच्या शेजारी काचेच्या डिप पेनने दोन-तीन ओळी. आणि एक जागा अशी की जिथे काडी एकदा, दोनदा, तीनदा फिरवलीय, प्रत्येक वेळी मधे वाळू देऊन, म्हणजे थर वाढला की रंग कुठे जातो ते दिसतं.

प्रत्येक स्वॉचखाली पेन्सिलने, शाईने नाही, बाटलीचं नाव, कुठला टप्पा, कागद आणि तारीख लिहा. काही महिन्यांनी हे सगळे तपकिरी चौकोन एकसारखे दिसतात आणि कुठला कोणाचा ते आठवत नाही.

लगेच मत बनवू नका. ओला ब्राऊन आणि वाळलेला ब्राऊन यात बराच फरक पडतो, काही शाया वाळताना लालसरपणा सोडतात, काहींचा पिवळा वर येतो. एक रात्र जाऊ द्या.

क्रोमॅटोग्राफी, घरच्या घरी

नाव मोठं आहे, काम सोपं. कॉफी फिल्टरच्या पांढऱ्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. खालच्या टोकापासून साधारण २ सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ मारा, रेघेवर शाईचा छोटा ठिपका ठेवा, वाळू द्या. उंच ग्लासात तळाला सेंटिमीटरभर पाणी घ्या आणि पट्टी अशी लटकवा की टोक पाण्यात बुडेल पण ठिपका पाण्याच्या वर राहील. ठिपका बुडाला तर रंग ग्लासात उतरतो आणि पट्टी वाया. पाणी वर चढत जातं तसे डाय सुटे होतात, जे पाण्यात जास्त रमतात ते पुढे पळतात, जे कागदाला चिकटतात ते मागे राहतात.

जुनी आणि नवी एकाच ग्लासात शेजारी लटकवा म्हणजे दोघींना सारखंच वातावरण मिळेल. पाणी वरच्या टोकाच्या थोडं खाली पोचलं की काढा, पाणी कुठपर्यंत गेलं तिथे पेन्सिलची खूण करा आणि आडवं ठेवून वाळवा. मग पट्टे मोजा. दोन्हींत तेच रंग त्याच उंचीवर, फक्त एकात एखादा फिका? मग रेसिपी बहुधा तीच आणि जुन्या बाटलीतला तो डाय वयाने गेलाय. पट्ट्यांची संख्याच वेगळी किंवा उंची वेगळी? मग रेसिपी वेगळी. आणि काही रंग ठिपक्याच्या जागीच गच्च बसून राहिला तर पिग्मेंट किंवा आयर्न गॉलचा संशय घ्या.

एकाच रंगाची लांब शेपूट दिसली तर ती शाई जवळजवळ एकाच डायची असू शकते. अशा शाया पातळ केल्यावरही आपला स्वभाव फारसा सोडत नाहीत. याउलट तीन-चार पट्टे असलेल्या शायांचं शेडिंग रंगीत असतं, अक्षराच्या कडेला एक छटा आणि मधे दुसरी, आणि आजच्या बऱ्याच शाया मुद्दाम तशाच बनवलेल्या असतात. जुन्या शाया ऑफिसात, शाळेत रोज लिहायला बनवलेल्या होत्या, त्यांच्याकडून शीनची अपेक्षा ठेवून त्यांना नापास करणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

आता पेनमध्ये

जुनी शाई आधी जुन्या पेनमध्ये भरायचा मोह होतो, तो आवरा. रबरी सॅक (आतली शाईची पिशवी), सेल्युलॉइडचं बॅरल, जुने सील हे सगळं बदलायला वेळ, पैसा आणि माणूस लागतो. टेस्टसाठी स्वस्त, पूर्ण सुटा होणारा आणि कन्व्हर्टरवाला (शाई ओढून भरायची काढता येणारी नळी असलेला) पेन घ्या, प्लॅटिनम प्रेपी किंवा लॅमी सफारी अशांपैकी काहीही. पारदर्शक असेल तर शाई डाग सोडते का तेही दिसतं, आणि ब्राऊन-लाल शायांमध्ये ते बघावंच लागतं.

एकच पेन असेल तर आधी नवी शाई, मग पेन पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन, निब टिश्यूवर टेकवून पूर्ण कोरडा करून, मग जुनी. धुतलेल्या पेनच्या फीडमध्ये पाणी राहतं आणि पहिलं पान फिकं येतं, म्हणून पहिलं पान मोजायचंच नाही. दोन सारखे पेन असतील तर आणखी चांगलं, पण निबवर तेच अक्षर छापलंय म्हणून दोन्ही निब सारखे लिहितात असं अजिबात नसतं, तेव्हा दोन्ही शाया आलटून पालटून दोन्ही पेनमध्ये भरा. पेन बदलला तरी फरक शाईबरोबर राहिला तर तो शाईचा.

काय लिहायचं? मोठा मजकूर लिहा, निदान अर्धं पान, नेहमीच्या वेगाने. दोन ओळींत फ्लो कळत नाही. मग पेन टोपण उघडं ठेवून एक मिनिट, पाच मिनिटं आणि टोपण लावून एक रात्र असं ठेवून पहिलाच स्ट्रोक उमटतो का बघा. घट्ट झालेल्या जुन्या शाया इथे अडखळतात, आणि मग तीच शाई पातळ केलेल्या टप्प्यातली भरली की सुरळीत चालते, म्हणजे परत तोच पाण्याचा मुद्दा. निबवर आणि टोपणाच्या आत खरखरीत थर जमतोय का तेही नोंदवा.

जुनी शाई पेनमध्ये आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नका, वापरा आणि धुवा. दोन शाया पेनमध्ये कधीच एकत्र येऊ देऊ नका, एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कलाइन असली तर गाळ बसू शकतो. शिमरवाली (चमकीचे कण असलेली) किंवा पिग्मेंटची आधुनिक ब्राऊन जुन्या लिव्हर फिलरमध्ये (बाजूच्या दांडीने शाई भरायच्या पेनमध्ये) तर नकोच, तिथे आत हात पोचत नाही.

सुकणं, पाणी, ऊन

सुकण्याची टेस्ट: एकाच निबने दहा छोट्या आडव्या रेघा मारा आणि दर पाच सेकंदांनी एकेकीवर कोरडं बोट फिरवा. कोटिंगवाल्या कागदावर आणि कॉपियरवर दोन्हीकडे. बस्स.

पाण्याची: वाळलेल्या, निदान एक दिवस जुन्या अक्षरांवर एक थेंब, मिनिटभर थांबून टीपकागदाने टिपा, घासू नका. दोन्ही काळातल्या साध्या डायच्या ब्राऊन इथे बहुतेक वाहून जातात, पण जे मागे राहतं ते बघा, कारण बऱ्याचदा पिवळा-नारिंगी उडतो आणि करडी रेघ उरते. वाचता येत असेल तर पास. पाण्याला टिकणारीच हवी असेल तर ती वेगळी जात, नूडलर्सची नंबर ४१ ब्राऊन किंवा वरच्या पिग्मेंट शाया, तिथे व्हिंटेजला स्पर्धा नाही आणि असायची गरजही नाही.

उन्हाची टेस्ट वेळखाऊ पण सगळ्यात शिकवणारी. प्रत्येक शाईची एक पट्टी, अर्धी अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाकलेली, ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. दर आठवड्याला फॉइल न काढता नुसतं बघा, महिन्या-दोन महिन्यांनी काढा. ब्राऊनमधला कुठला डाय आधी जातो ते झाकलेल्या आणि उघड्या भागातल्या फरकावरून स्पष्ट दिसतं. आणि एक गंमत बघा, नव्या शाईचा उन्हात गेलेला भाग कधीकधी तुमच्या जुन्या बाटलीतल्या रंगाच्या दिशेने सरकतो. तसं दिसलं तर जुन्या बाटलीवर उजेडाने काय केलं असेल याचा चांगला अंदाज मिळतो. काटेकोर करायचं असेल तर ब्लू वूल स्केलची (उजेडाने ठरावीक वेगाने फिक्या पडणाऱ्या निळ्या लोकरी कापडांची) पट्टी मिळते, तीही बाजूला लावा, मग किती ऊन लागलं त्याला मोजमाप येतं आणि वेगवेगळ्या ऋतूतल्या टेस्टही एकमेकींशी लावून बघता येतात.

जुना रंगच हवाय, मग?

समजा एवढं सगळं करून डाय खरंच वेगळे निघाले आणि तुम्हाला तो जुनाच रंग आवडलाय. बाटली संपवायची नाही, मग आजच्या शायांतून तो बनवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया मिसळणं टाळा. प्लॅटिनमची मिक्स-फ्री सिरीज मुळात मिसळण्यासाठीच आहे, नऊ रंग आहेत, त्यात अर्थ ब्राऊनही आहे, आणि पातळ करायला त्यांचंच वेगळं द्रावण मिळतं, पण तीही आपापसातच मिसळायची. नाहीतर एकाच कंपनीच्या एकाच सिरीजमधल्या दोन शाया घ्या.

तुलनेसाठी जुन्या शाईचा फिका टप्पा समोर ठेवा, गडद नाही. बेस ब्राऊनचे वीस थेंब, त्यात जुनी ज्या बाजूला झुकते त्या रंगाचा एकच थेंब, ढवळा, स्वॉच, वाळू द्या, मग पुढचा थेंब. लालसर जास्त झालं तर थोडा हिरवा त्याला दाबतो, नारिंगी भडक वाटलं तर निळा, पण निळा अर्ध्या थेंबानेही ब्राऊनला चिखल करतो, तेव्हा तो आधी वेगळ्या बाटलीत पातळ करून घ्या. छटा फिक्यात जुळली की मगच गडदपणा बघायचा, तो शेवटी काळ्याच्या एखाद्या थेंबाने किंवा पाणी कमी करून येतो.

रेसिपी थेंबांत लिहून ठेवा आणि ड्रॉपर कुठला तेही, कारण दोन ड्रॉपरचे थेंब सारखे नसतात. तयार मिश्रण काचेच्या छोट्या बाटलीत आठवडाभर न हलवता ठेवा, टॉर्च मारून तळ बघा, गाळ नसेल तर टेस्टच्या पेनमध्ये भरा, तिथे आणखी एक आठवडा नीट चाललं तर आवडत्या पेनमध्ये.